खानापुरात दोन ग्राफिक्स कार्डांचा पीसी: काय घेऊया?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांचे थ्रीडी व्हिडिओ करायलोय, शिवाय एआयचं भाषा मॉडेल घरीच चालवायचंय. सेकंडहँड आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं दोन घेतली तर २४ आणि २४ मिळून मेमरी ४८ जीबी होईल ना? बोर्ड आणि पॉवर सप्लाय कुठला बघू?

टिळकवाडी
काम कुठलं त्यावर आहे. भाषा मॉडेलचे थर दोन्ही कार्डांवर वाटता येतात, तिथं ४८ जीबी खरंच कामाला येतात. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (चित्र रेंडर करणारा भाग) वेळ जवळपास निम्म्यावर येतो, पण अख्खा सीन प्रत्येक कार्डात मावायला लागतो. ३०९० ला मात्र एनव्हीलिंकचा पूल (दोन कार्डं थेट जोडणारा तुकडा) लावून मेमरी वाटून घेता येते. त्यानंतरच्या ४०९० मध्ये ती सोयच नाही. म्हणून तुमच्या कामाला ३०९० चांगलं.

बोर्ड घेताना कार्डाचे दोन्ही स्लॉट प्रोसेसरकडून एक्स८ (डेटाच्या आठ लेन) मिळणारे आहेत का ते मॅन्युअलमध्ये वाचा. स्वस्त बोर्डांत दुसरा स्लॉट प्रोसेसरऐवजी बोर्डावरच्या चिपसेटवरून एक्स४ च (चारच लेन) असतो. स्लॉटमधलं अंतरही बघा, ही कार्डं तीन-तीन स्लॉट जाड असतात. दोन कार्डांसाठी थ्रेडरिपरसारख्या महागड्या प्रोसेसरचा खर्च नको.

वडगाव वायरिंग
विजेचं कोणी बोलंना म्हणून लिहितो. एक कार्ड ३५० वॅट, म्हणजे दोन्हींचे ७००, वर प्रोसेसर. शिवाय क्षणभर लोड याच्याही वर उसळतो. पॉवर सप्लाय १२०० वॅटच्या खाली घेऊ नका, १६०० असेल तर उत्तम. ६ अँपिअरच्या प्लगवर एक्स्टेंशन बोर्ड लावून हे चालवू नका. एमसीबीपासून (मेन बोर्डातला ब्रेकर) वेगळी लाईन ओढून १६ अँपिअरचा सॉकेट बसवा.

आणि अर्थिंग! उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकली की ते कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालत जावा. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मगच मशीन जोडा. घरचा साधा इन्व्हर्टर या लोडला पुरत नाही.

टिळकवाडी
बरोबर. प्रत्येक कार्डाची पॉवर लिमिट २८० वॅटवर आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र बरीच उतरते. सेकंडहँड घेताना समोर अर्धा तास रेंडर लावून मेमरीचं तापमान बघा. ३०९० ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला असते, तीच जास्त तापते. शंभरच्या वर जात असेल तर थर्मल पॅड (मेमरीची उष्णता बाहेर नेणारी पट्टी) बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. आत्ता एकच कार्ड घेतला तरी चालेल, पण बोर्ड, सप्लाय, कॅबिनेट दोनच्या हिशोबानं घ्या.

खानापूरकर
लई उपकार. वायरमनला उद्याच बोलावतो. बोर्डाचं मॉडेल ठरलं की इथं टाकतो, स्लॉट तेवढे बघून सांगा.