मुलांना पाण्याचं महत्त्व शिकवायचं, की आधी नळ आणि स्वच्छतागृह नीट करायचं?

धागाकर्ती (दुसरीतल्या मुलीची आई):
हात धुण्याच्या पायऱ्या माझ्या मुलीला तोंडपाठ आहेत. तळव्याला तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. पाण्यावर तिने काढलेलं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलंय. आणि तिची पाण्याची बाटली मात्र रोज जवळजवळ भरलेलीच घरी येते. महिनाभर मी त्यावरून रागावत होते. मग एकदा जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "पाणी प्यायलं की शू लागते. तिथे जायला नको वाटतं. आतून कडी लागत नाही."

म्हणजे पाणी का प्यावं हे तिला ठाऊक आहे. न पिण्याचं कारणही तिच्याजवळ आहे आणि ते पटण्यासारखं आहे. माझं स्पष्ट मत: हे धडे, तक्ते, घोषणा काही दिवस बंद ठेवा. तो वेळ आणि तो पैसा दाराच्या कडीला, नळाच्या पाण्याला आणि नळाजवळच्या साबणाला द्या. तुम्हाला काय वाटतं?

प्राथमिक शिक्षक:
ताई, कडीबद्दल दुमत नाही. पण धडाच बंद करा, हे मला अजिबात पटत नाही. आमच्या शाळेत नळाला पाणी आहे, साबण आहे. तरी मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग बोटांची टोकं भिजवतो, कपड्यांना पुसतो आणि पळतो. का धुवायचे हेच डोक्यात नसेल, तर साबण वाळून चिरा पडेपर्यंत तिथेच राहतो.

मी एक प्रयोग करतो. मुलांच्या हाताला थोडं तेल चोळायचं आणि त्यावर रंगीत खडूची पूड. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगायचं. रंग जात नाही, नुसता पसरतो. मग साबण द्यायचा. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून चिकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. हे तिसरीच्या मुलांना हातात हात गुंफून दाखवलं तरी कळतं. शेवटी हात उलटे करून पाहायचे. रंग हमखास राहतो तो नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या मुळाशी. एका मुलाने तेव्हापासून अंगठा मुठीत धरून पिळायची सवय लावून घेतली, मला सांगावं लागलं नाही.

(पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवायचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी दाखवतात. पूड कडेला पळते ती पाण्याचा पृष्ठताण कमी झाल्यामुळे. जंतू साबणाला घाबरून पळतात, असं मुलांना सांगू नये.)

आणि नुसता नियम टिकत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी अनेक सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता, त्यामुळे 'का' याचं पटेल असं उत्तर नव्हतं. मोठ्या डॉक्टरांची ही गत, तर मुलांना कारण न सांगता कसं चालेल?

धागाकर्ती:
सर, इतिहासच काढायचा तर १८५४ चं लंडनही आठवा. कॉलरा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपातून पसरतोय हे डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवलं, आणि त्यावर पंपाचा दांडा काढला गेला. घरोघरी जाऊन पाण्याचं महत्त्व सांगत कोणी बसलं नाही.

प्राथमिक शिक्षक:
साथ तोवर ओसरू लागली होती, हेही लक्षात घ्या. आणि दांडा काढायचा तर त्यासाठी आधी अधिकाऱ्यांना पटवावंच लागलं होतं.

परिचारिका (बालरुग्ण विभाग):
ताईंच्या मुलीसारखी मुलं मी नेहमी पाहते, म्हणून लिहिते. शू दाबून ठेवायची सवय साधी समजू नका. लघवी साठून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, विशेषतः मुलींना संसर्ग लवकर होतो. त्यात पाणी कमी प्यायलं की शौच कडक होतं, दुखतं, मग मूल तेही दाबतं. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब आणतं आणि मग चड्डी ओली होऊ लागते. आईबाप म्हणतात, मोठं होऊनही हे काय? मूल लाजून अजून कमी पाणी पितं. हे चक्र तोडायला औषधाइतकीच स्वच्छ जागा आणि बंद होणारं दार लागतं. या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने आहे.

पण शिकवणंही हवं, आणि नीट हवं. 'रोज आठ पेले' या नियमाला शास्त्रीय आधार नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलाला पेयं मिळून दिवसाला साधारण सव्वा लिटर पुरतं. ऊन आणि खेळ असेल तर जास्त. पेले मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहायला शिकवा: फिकट पिवळी ठीक, गडद असेल तर पाणी प्यायचं. हे मुलं मन लावून करतात. आणि घरात तान्हं भावंड असेल तर हेही सांगा की सहा महिन्यांपर्यंत त्याला वरचं पाणी द्यायचं नसतं.

दोन मुलांचे बाबा:
मला वेगळीच काळजी आहे. आमचा धाकटा शाळेतून जंतूंची भीती घेऊन आला. दिवसातून वीसेक वेळा हात धुतो. हाताची कातडी लाल होऊन भेगा पडल्यात. मातीला हात लावायला तयार नाही. फार स्वच्छतेमुळे ॲलर्जी वाढते असं १९८९ पासून सांगितलं जातंय ना? मुलांना जरा मळू द्या.

परिचारिका:
दादा, भेगांवर साधं मलम लावा, आणि हात धुणं थांबत नसेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. ॲलर्जीचं म्हणाल तर १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी एवढंच नोंदवलं होतं की जास्त भावंडांच्या घरातल्या मुलांना परागज्वर, म्हणजे परागकणांची ॲलर्जी, कमी दिसतो. पुढे विचार बदलत गेला. माती, प्राणी, माणसं यांच्याकडून येणाऱ्या निरुपद्रवी जंतूंशी ओळख व्हावी, पण त्यासाठी जुलाब व्हायची गरज नाही. म्हणून मातीत मनसोक्त खेळू द्या. हात धुवायचे ते शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी, साबणाने, निदान वीस सेकंद, मग कोरडे करून. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात. जंतुनाशक साबणाची किंवा गरम पाण्याची आवश्यकता नाही.

दोन मुलांचे बाबा:
मग मुलांना 'कधी' हे सांगा ना! आमच्याकडे फक्त राक्षसासारखा दात काढलेला जंतू दाखवला होता.

पाणी लांबून आणणाऱ्या भागातली कार्यकर्ती:
तुम्ही सगळे नळ धरून बोलताय. जिथे नळच नाही तिथे काय? डब्याच्या बाजूला, वरच्या भागात भोक पाडून तो आडव्या काठीला टांगायचा, दोरी पायाखालच्या काठीला बांधायची. पाय दाबला की डबा कलतो आणि बारीक धार येते. शेजारी दोरीला साबण. हात कशालाच लावावा लागत नाही, आणि पाणी फारच थोडं लागतं. मुलांनी स्वतः बांधलेला असला की रोज भरतातही तीच. हा धडा आहे की सोय, ते तुम्हीच ठरवा.

धागाकर्ती:
परवा मुलीला बरोबर घेऊन शाळेत गेले. कुठली दारं लागत नाहीत ते तिनेच दाखवलं. दोन दारांना कड्या बसल्या आहेत. काल बाटली अर्धी रिकामी आली. 'धडा बंद करा' हे माझं वाक्य मी मागे घेते, सरांचा खडूचा प्रयोग घरी केला आणि माझ्याच अंगठ्याला रंग राहिला. पण धडा घेणाऱ्याने आधी त्या दारामागे जाऊन एकदा कडी लावून पाहावी, यावर मी ठाम आहे. साबण अजून कार्यालयाच्या कपाटात असतो, मागितला की मिळतो. सात वर्षांचं मूल साबण मागायला तिथे जाणार नाही. सोमवारी त्याबद्दल बोलायला जातेय.