मृतांच्या सणात परक्याने जावे का?

वाटसरू : मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, पहिला दिवस दिवंगत बालकांचा, दुसरा मोठ्यांचा. हा सण पाहायला जाणाऱ्यांनी शहरातली मिरवणूक खुशाल पाहावी, परंतु कबरस्तानातल्या रात्री तिथे पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा या तिथल्या मूळनिवासी समाजाच्या बायका डोक्यावरून शाल घेऊन, भरतकाम केलेल्या कापडाखाली नैवेद्याच्या टोपल्या झाकून, मेणबत्त्यांच्या उजेडात कबरींपाशी रात्र काढतात आणि त्याच वेळी होड्या भरभरून कॅमेरेवाले तिथे उतरत असतात. सर्वपित्री अमावास्येला आपल्या दारी पान वाढत असताना अनोळखी माणसे असे फोटो काढू लागली, तर आपण ते चालवून घेऊ का?

वसईकर : असहमत. आमच्याकडे २ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरी फुलांनी सजवतो, प्रार्थना होते, आणि शेजारचे हिंदू स्नेही मेणबत्ती लावायला आले तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मेक्सिकोत तर दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालून मृतांना घरी बोलावतात, त्यांच्यासाठी पाणी, मीठ, हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव आणि ज्याला जे आवडत असे ते मांडतात. दार इतके सताड उघडे ठेवणाऱ्या सणात जिवंत पाहुण्याचेच वावडे का असावे?

कोरडा टाक : पाहुणा वाढला की यजमान त्याच्या आवडीचे वाढू लागतो, हा माझा आक्षेप आहे. मेक्सिको शहरातली ती प्रचंड मिरवणूक २०१६ साली सुरू झाली आणि तिची प्रेरणा होती आदल्या वर्षीच्या बाँडपटातले, पटकथेसाठी रचलेले मिरवणुकीचे दृश्य! २०१३ मध्ये डिस्नेने या सणाच्या नावावरच व्यापारचिन्ह मागितले होते. ओरड झाल्यावर अर्ज मागे घेतला. मेक्सिकन खोदचित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा यांनी युरोपीय थाटाची नक्कल करणाऱ्यांची टर उडवायला टोपीवाली सांगाड्याची बाई कोरली, आणि आज तोच चेहरा रंगवून घेण्यासाठी पर्यटक पैसे मोजतात.

वसईकर : सण पूर्वी निर्भेळ होता, असे गृहीत धरल्याशिवाय ही तक्रार उभी राहत नाही. या दोन तारखा स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर आल्या, पावाचा गहूही त्यांचाच. झेंडू मात्र तिथला, जो पुढे आपल्याकडे येऊन दसऱ्याच्या तोरणात बसला. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली ही परंपरा अशी सरमिसळीतूनच घडली आहे.

वाटसरू : निर्भेळपणाचा मुद्दा माझा नव्हताच. ज्याचे माणूस गेले, त्याची परवानगी आहे का, एवढेच मी विचारतो आहे.

वसईकर : मग प्वेब्ला राज्यातल्या वाकेचुला गावाचे काय? वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला, तिथे पांढऱ्या चकचकीत कापडाची, छताला टेकेल एवढी मजल्यांची वेदी उभारतात, दार उघडे ठेवतात आणि आलेल्या अनोळखी माणसालाही बसवून खाऊ घालतात. दुःख अगदी ताजे असलेली ही घरे आहेत.

वाटसरू : तिथे जरूर जावे, आणि रिकाम्या हाताने न जाता मेणबत्ती घेऊन जावे. त्या घरात स्वागताला आणि ताट वाढायला घरचे माणूस असते, आपले काही चुकले तर ते आपल्याला थांबवूही शकते. कबरीपाशी मान खाली घालून बसलेली बाई मात्र कोणालाच अडवत नाही, आणि तिचे हे गप्प राहणे म्हणजे होकार, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

वसईकर : ती तुम्हाला अडवत नाही, यावरून तिला नकोच आहे, हेही तुम्ही परस्परच ठरवता आहात. बेटावर माणसे नेणाऱ्या होड्या सरोवराकाठच्याच लोकांच्या असतात. किती होड्या सोडायच्या, हे ठरवण्याचा हक्क आधी त्यांचा आहे, मग तुमचा-माझा.