‘प्रेरणा’, ‘अभिप्रेरणा’ की ‘प्रोत्साहन’?

प्रश्न : व्यवस्थापनावरील मराठी लेखनात ‘मोटिव्हेशन’साठी हे तिन्ही शब्द आढळतात. वरिष्ठ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे करतात, त्याला यांपैकी नेमके काय म्हणावे?

उत्तर : प्रेरणेच्या मुळाशी ‘ईर्’ हा गतिवाचक धातू आहे, तर प्रोत्साहनात उत्साह आहे, परंतु मला व्युत्पत्तीपेक्षा सोबतचे क्रियापद अधिक बोलके वाटते. प्रोत्साहन ‘दिले’ जाते, आणि म्हणूनच मराठीत प्रोत्साहन भत्ता असतो, प्रेरणा भत्ता नसतो. प्रेरणा मात्र बहुधा ‘मिळते’ किंवा ‘घेतली’ जाते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलेला भेद याच्या अगदी जवळ जातो. पगार, देखरेख आणि कामाची परिस्थिती चांगली असली तर नाराजी टळते, पण कामाची ओढ लागते ती यश, कदर, जबाबदारी आणि खुद्द काम यांमुळे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६८ च्या लेखात त्यांनी भागधारकांच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. तेथे अनुभवी कर्मचाऱ्यांच्या पत्रांची तपासणी १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली, पत्रांवर त्यांना स्वतःच्या नावाने सही करू दिली आणि ठरावीक मसुद्याऐवजी आपल्या शब्दांत लिहिण्याची मुभा दिली. यात भत्ता एका पैशानेही वाढवलेला नव्हता. सुरुवातीला कामगिरी थोडी घसरली, नंतर मात्र ती बदल न केलेल्या गटाच्या पुढे गेली. या उपायाला ‘प्रोत्साहन’ म्हटले तर त्यातील मर्मच हरवते.

‘अभिप्रेरणा’ मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभते. बैठकीत तो शब्द कोणी उच्चारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुरवणी : ‘प्रेरणा देणे’ हा प्रयोगही रूढ आहे, त्यामुळे क्रियापदाची कसोटी फार ताणू नये. मला अधिक खटकते ते हर्झबर्ग यांच्या ‘हायजिन’ घटकांचे, म्हणजे पगार, देखरेख यांसारख्या नाराजी टाळणाऱ्या गोष्टींचे, ‘आरोग्य घटक’ हे भाषांतर. शुद्ध पाण्याने रोग टळतो, पण त्याने कोणी बलवान होत नाही, हा त्यामागचा दृष्टान्त होता. ‘आरोग्य घटक’ वाचून मात्र विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला दवाखाना उभा राहतो. त्याऐवजी ‘नाराजी-निवारक घटक’ असे सरळ लिहावे.