गिटहबचा प्रिव्ह्यू पुरेसा नाही

प्रश्न असा आहे: मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनचा प्रिव्ह्यू गिटहबवर (कोड ठेवायची साइट) दिसतो, तर नवख्या योगदानकर्त्यांना एमकेडॉक्स (मार्कडाउन फाइल्समधून वेबसाइट बनवणारं साधन) स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायला का लावायचं? कारण दोन्हींचे पार्सर (मार्कडाउन वाचून त्याचं पान बनवणारे भाग) वेगळे आहेत. २ स्पेसवरची उपयादी गिटहब नीट दाखवतं. एमकेडॉक्सचा पार्सर असलेलं पायथन-मार्कडाउन ४ स्पेस मागतं, नाहीतर उपयादी मुख्य यादीतच मिसळते. तिथेच यादीआधी रिकामी ओळ नसेल तर सगळं एकाच परिच्छेदात जातं.

कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (योगदान कसं द्यायचं ते सांगणारी फाइल) थोडक्यात लिहा: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन सेटअप) बनवा, रिक्वायरमेंट्स फाइलमधली (लागणाऱ्या पॅकेजची यादी) पॅकेज पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) इन्स्टॉल करा, ‘एमकेडॉक्स सर्व्ह’ चालवा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा (म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा) ८००० पोर्ट उघडा. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं.

पीआरआधी (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारायची विनंती) ‘एमकेडॉक्स बिल्ड’ ही पूर्ण साइट तयार करणारी कमांड स्ट्रिक्ट पर्यायासह चालवायला मात्र आवर्जून सांगा. तुटलेल्या लिंकची वॉर्निंग एरवी टर्मिनलमध्ये वाहून जाते. स्ट्रिक्टमध्ये बिल्डच फेल होतो.