मैदानावर उभं राहून पाहिलेला फुटबॉल: तो काळ खरंच चांगला होता का?

लोकोशेडवाला, भुसावळ

परवा आमच्या गल्लीतली पोरं रात्री दीडला युरोपातला सामना बघत जागी होती. सकाळी विचारलं, गावच्या मैदानावर शेवटचा सामना कधी पाहिला रे? एकालाही सांगता आलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. फक्कीच्या रेषेला पाय लावून ज्यानं सामना पाहिला नाही, त्याला संघावर जीव लावणं कळत नाही.

माझे वडील रेल्वेत फिटर. सत्तरच्या दशकात ड्युटी सुटली की माणसं ग्रीसच्या हातांनी तशीच रेल्वेच्या मैदानावर यायची. सायकल स्टँडला लावायची आणि कॅरिअरवर चढून बघायचं. जमीन मुरमाड, पडला की गुडघा सोललाच. लेसचा चामडी बॉल पावसात भिजला की असा जड व्हायचा, की हेड मारणाऱ्याच्या कपाळावर लेसचा वळ उठायचा. तो वळ मी दोन हातांवरून पाहिलाय.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बंगाली गार्डकाका राहायचे, कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबचे पक्के चाहते. ईस्ट बंगाल जिंकलं की कलकत्त्यात हिल्सा शिजते. इथे हिल्सा कुठली? काका तापीतली मासळी आणायचे, काकू मोहरी वाटून रांधायच्या आणि एक वाटी आमच्याकडे यायची. मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघायला मुंबईला नेलं. रात्रीची गाडी, सकाळी बोरीबंदर, तिथून पायी कूपरेजचं मैदान. गोल झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचलून खांद्यावर घेतलं. कोण होता, कुठला होता, मला आजही माहीत नाही. १८९१ पासूनची ती स्पर्धा २००० च्या सुमारास बंद पडली. त्याचं दुःख मला अजून आहे.

पहाटेचा प्रेक्षक, जळगाव

काका, तुमचा आदर ठेवून सांगतो, हे पटलं नाही. माझा जन्म २००१ चा. रोव्हर्स कप मी बघणार कसा? मुंबईच्या महिंद्र युनायटेड क्लबनं २०१० मध्ये संघ बंद केला तेव्हा मी चौथीत होतो. मैदान आम्ही सोडलं नाही, आमच्यापर्यंत ते आलंच नाही.

आणि त्या गर्दीचं एवढं कौतुक नको. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ जणांचा जीव गेला. सामना बघायला घरून निघालेली माणसं होती ती. मी रात्री दीडला घरात बसतो, पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी जेवण जात नाही. याला जीव लावणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

सायकलस्वार, धुळे

तठे काय मजा व्हती भो! मी भुसावळच्या नानांच्या बाजूनं. टीव्हीवर कॅमेरा दाखवतो तेवढंच दिसतं. मैदानावर बॉल दुसऱ्या टोकाला असताना आपला बॅक काय करतो, कोणाला ओरडतो, कंबरेवर हात ठेवून कसा धापा टाकतो, तेही दिसतं. खेळ मला तिथेच कळला.

दूरदर्शनची पिढी, चोपडा

आम्ही तर टीव्हीमुळेच फुटबॉलचे झालो. २९ जून १९८६, रात्री साडेअकरा, विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध पश्चिम जर्मनी. मामाच्या ओट्यावर खिडकीतून टीव्ही बाहेर तोंड करून ठेवलेला, समोर अख्खी गल्ली. जर्मनीनं दोन गोल फेडले, आणि मग मॅराडोनाच्या पासवर बुरुचागाचा तिसरा! त्या रात्री आमच्याकडेही अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्याआधी गावात फुटबॉलला कोणी हात लावला नव्हता.

गिरणीवाल्याचा मुलगा, अमळनेर

दोन्हीकडचे लोक मूळ मुद्दा सोडून बोलताहेत. मैदान भरायचं कारण खेळणारा आपल्यातला होता. त्याला रेल्वेत, गिरणीत, बँकेत खेळावर नोकरी मिळायची. पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, फ्रान्सविरुद्ध गोलही त्यांचाच, आणि नोकरी ईस्टर्न रेल्वेत. त्याच ईस्टर्न रेल्वेनं १९५८ मध्ये मोठमोठ्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. भुसावळच्या फिटरला यात स्वतःचं घर दिसायचं. मुंबईत मफतलाल, ओर्के, टाटा असे संघ होते. ते गेले तसा मध्यमवर्गीय बापानं पोराच्या हातातून बॉल काढून घेतला. त्यात टीव्हीचा दोष नाही.

गच्चीवरून बघणारी, भुसावळ

लोकोशेडवाले दादा, तुम्ही सांगता ते मैदान माझ्या क्वार्टरसमोर होतं. सगळं खरं आहे, सायकली, ग्रीसचे हात, लेसचा बॉल. पण त्या रेषेवर एकही बाई मला आठवत नाही. आम्ही तिघी बहिणी गच्चीवर पापड वाळवायच्या निमित्तानं जायचो. एकदा गोल झाल्यावर मी वरून ओरडले, तर खालून दोन-चार जणांनी वर पाहिलं आणि संध्याकाळी वडिलांच्या कानावर गेलं. पुढचे सामने बंद. खेळ मला तुमच्याइतकाच कळत होता. आमच्या गच्चीवरून ऑफसाइड तुमच्यापेक्षा नीट दिसायचा.

म्हणून मला तो काळ परत नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. भाचीला घेऊन गेले. स्पेन एक-शून्यानं जिंकलं, तोही कोलंबियाच्या स्वयंगोलावर. मी बावन्न वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा मैदानात उभी राहून ओरडले. घसा दोन दिवस बसला होता. भाची आता स्टड घालून खेळते.

लोकोशेडवाला, भुसावळ

ताई, त्या गच्च्या मला आठवतात. वाळवण दिसायचं. त्यामागे कोणी सामना बघतंय हे मनातही आलं नाही. रेषेवर उभा राहिलेलाच खरा, असं मी लिहिलं ते मागे घेतो.

जळगावच्या भावा, १९८० चं तू बरोबर काढलंस. गार्डकाकांनी ती बातमी रेडिओवर ऐकली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात सामन्याचं नाव निघालं नाही, मासळीची वाटीही आली नाही. हे मी वर लिहायला हवं होतं.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. गावच्या पोरानं गावच्या पोराला खेळताना बघितलं पाहिजे. अमळनेरच्या भाऊंचा नोकरीचा मुद्दा मान्य, पण बघायला जायला नोकरी लागत नाही.

पहाटेचा प्रेक्षक, जळगाव

नाना, आमच्याकडे रविवारी सकाळी सातला पोरं खेळतात. नेट नाही, गोलच्या जागी दोन दगड. नऊनंतर ऊन सोसत नाही. भुसावळहून पॅसेंजरनं येताय का? मी स्टेशनवर घ्यायला येतो. ताई, भाचीलाही आणा. आमच्याकडे लेफ्ट विंगला कोणी नाही.

गच्चीवरून बघणारी, भुसावळ

ती डावखुरीच आहे. येतो आम्ही.