सांधेरोपणानंतर जखमेत पू झाला, तर जंतूचा उगम आधी कुठे शोधावा?

मूळ लेखन:
खुबा किंवा गुडघा बदलल्यानंतर एखाद्या रुग्णाच्या जखमेतून पू येऊ लागला की अनेक रुग्णालयांत ओटी (शस्त्रक्रियागृह) बंद होते, फॉर्मलिनची धुरी दिली जाते आणि भिंती-टेबलांचे स्वॅब घेतले जातात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. शोध जखमेतल्या जंतूपासून सुरू व्हावा. स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला, तर आधी रुग्णाचे नाक आणि त्वचा तपासावी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत, नाकात हा जंतू असलेल्या ज्या रुग्णांना म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला, त्यांच्यापैकी 3.4 टक्क्यांना रुग्णालयात त्याचा संसर्ग झाला. उपचार न मिळालेल्यांत हे प्रमाण 7.7 टक्के होते. भिंतीवर जंतू सापडला म्हणजे तोच जखमेत गेला, असे कसे म्हणता येईल?

ओटी सिस्टर:
मला हे मान्य नाही. आपल्याकडे इम्प्लांटचे (कृत्रिम सांध्याचे) सेट, म्हणजे तो बसवण्याची हत्यारे, पुष्कळदा डीलरकडून येतात आणि काम झाले की पुढच्या रुग्णालयात जातात. आतून पोकळ असलेल्या रीमरमध्ये (हाड कोरायच्या हत्यारात) आदल्या रुग्णाचे रक्त आणि हाडाचा चुरा वाळून बसतो. तो ब्रशने नीट काढल्याशिवाय ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वाफ आतपर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. सेट सकाळी येतो आणि सर्जन तासाभरात केस घ्यायची म्हणतात, तेव्हा ही धुलाई कोण आणि कधी करणार? पहिले बोट रुग्णाच्या नाकाकडे दाखवले की या प्रश्नाचे उत्तर कोणी देतच नाही.

एक सर्जन:
हवेचा मुद्दाही इतक्या सहज सोडू नये. 1982 च्या ब्रिटिश चाचणीत आठ हजारांहून अधिक खुबा-गुडघा शस्त्रक्रिया होत्या. साध्या हवेत खोलवरचा संसर्ग 1.5 टक्के, तर अतिशुद्ध हवेत 0.6 टक्के आढळला.

मूळ लेखक:
ती चाचणी महत्त्वाची आहेच, पण तिच्यात प्रतिजैविके सर्वांना सारखी दिलेली नव्हती, आणि पुढे 2011 मध्ये न्यूझीलंडच्या सांधेरोपण नोंदवहीत लॅमिनार फ्लोचा (गाळलेली हवा एकाच दिशेने सोडण्याच्या यंत्रणेचा) फायदा दिसला नाही. सिस्टरांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. जखमेत स्यूडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जंतू किंवा पाण्यातले मायकोबॅक्टेरिया निघाले, तर मीही आधी धुलाईचे पाणी, जंतुनाशकाचे द्रावण आणि सेटच पाहीन. शिवाय जंतू रुग्णाच्या नाकातला निघाला तरी रुग्णालय सुटत नाही, कारण शस्त्रक्रियेपूर्वी नाक तपासणे ही त्यांचीच जबाबदारी आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून:
तुमचा दोघांचाही वाद जंतूच्या नावावर चालला आहे आणि नावावरून उगम ठरत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस असंख्य निरोगी माणसांच्या नाकात असतो, म्हणून जखमेतला आणि नाकातला वाण (जंतूचा उपप्रकार) एकच आहे का, हे जनुकीय तपासणीनेच पाहावे लागते. अडचण अशी, की रिपोर्ट गेल्यावर काही दिवसांत जंतू वाढवलेल्या प्लेटा टाकून दिल्या जातात आणि महिन्याने दुसरा रुग्ण आला की तुलनेला पहिला जंतूच उरत नाही. इम्प्लांटच्या रुग्णांतले जंतू किमान वर्षभर गोठवून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

ओटी सिस्टर:
जंतू जपून ठेवाच. पण त्याबरोबर सेटचा क्रमांक आणि ऑटोक्लेव्हची फेरी केसपेपरवर लिहिणे सक्तीचे करा. नाहीतर दोन रुग्णांचा वाण एकच निघाला, तरी दोघांना एकच सेट वापरला होता का, हे सांगायला कोणाकडे कागद नसेल.