रील काढत बसू की पेट्या भरू?

देवगडची_सूनबाई
आमची देवगडजवळ हापूसची दीडेकशे कलमं. तीन वर्षांपूर्वी वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवणं कमी केलं आणि थेट घरपोच पेट्या द्यायला लागलो. मागच्या हंगामात मी इन्स्टाग्राम मनावर घेतलं. रोज रात्री जेवणं आटोपली की दीड तास रील कापा, गाणं लावा, मेसेजांना उत्तरं द्या. आढीतले आंबे काढतानाची एक रील साठ हजारांवर गेली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! मेसेज आले ते पाटणा, लुधियाना, गुवाहाटीहून. आमची गाडी जाते मुंबई-पुण्यापर्यंत.

वहीतला हिशेब असा: थेट विकल्या 212 पेट्या. त्यातल्या इन्स्टावरून आलेल्या 9. बाकी सगळी जुनी गिऱ्हाइकं आणि त्यांनी सांगून आलेली. पाचशे रुपये भरून एक रील बूस्ट केली, म्हणजे जाहिरातीसारखी जास्त लोकांना दाखवली, तिच्यावर पेटी एकही गेली नाही. सासरे म्हणतात, "रील काढून आंबो पिकाचो नाय." यंदाचा मोहोर फुटलाय. सोडून देऊ का हे?

भाजणीवाला_चिंचवड
ताई, बूस्ट करताना गाव निवडलं होतं का? नसेल तर पैसे पाटण्यालाच गेले.
आणि व्हॉट्सॅपकडे बघा. ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मला हे दोन दिवाळ्या गेल्यावर कळलं. मी आपला "चकली तयार" म्हणून ओरडतोय आणि निम्म्यांना पत्ताच नाही. आता प्रत्येक पुड्यात चिठ्ठी टाकतो: नंबर सेव्ह करा.

गणित_कच्चं_नाही
रोज दीड तास, साठ दिवस, म्हणजे नव्वद तास. एका पेटीमागे दहा. तेवढ्या वेळात गडी किती आंबा उतरवतो?

डोंबिवली_पूर्व
मी विकणारी नाही, घेणारी. सोसायटीच्या अकरा पेट्यांची ऑर्डर मीच गोळा करते. आमच्या बागायतदारांचा नंबर नणंदेने दिला, तरी पैसे पाठवण्याआधी मी त्यांचं इन्स्टा उघडून पाहिलंच. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे त्याच भागातला माल असल्याचं मानांकन, मिळालं, पण देवगडच्या नावाच्या पेटीत कर्नाटकी आंबा अजूनही गळ्यात मारतात. एका व्हिडिओत त्या बागायतदार बाईंनी स्वतःच साका निघालेलं, म्हणजे आतून पांढरट खराब झालेलं, फळ कापून दाखवलं होतं. "असं निघालं तर फोटो पाठवा, भरून देऊ." तिथे मी पैसे पाठवले. त्यांच्या वहीत मी "नणंदेकडून आलेली" असेन.

देवगडची_सूनबाई
नव्वद तास वाचून पोटात गोळा आला. दादा, गाव निवडलंच नव्हतं, अख्खा भारत राहिला होता.

डोंबिवलीच्या ताईंचं वाचून काल दहा जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. चौघांनी पहिली पेटी मागवण्याआधी इन्स्टा पाहिलं होतं. आणि आठवलं काय त्यांना? साठ हजारांची ती रील कुणालाच नाही. सासरे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन कलमाखाली उभे राहून हवामानाला शिव्या घालतायत, तो व्हिडिओ! गाणं नाही, कापाकापी नाही, मी सहज टाकलेला.

तर रात्रीची रील बंद. चिठ्ठ्या छापायला टाकते. आठवड्याला एक व्हिडिओ, बागेत काम चालू असताना, सासऱ्यांचाच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शर्ट बदलूचो लागतलो काय?"